यादीतल्या एकोणीस फुल्या

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, हा एखाद्या मोडक्या पेटीचा कोयंडा असावा. तसे नाही. मी छापखान्यातली जुनी स्टिक आहे. शिशाचे खिळे एकेक करून जिच्यात ओळीने जुळवतात, ती लोखंडी पट्टी. मी घडले मुंबईत, पण आयुष्य गेले नांदेडच्या एका लहानशा छापखान्यात, तय्यबभाईंच्या डाव्या हातात. तेव्हा निजामाचे राज्य होते. त्यांच्या अंगठ्याने माझी कड झिजली आणि माझ्या वजनाने त्यांचे मनगट. पंचांगे आणि जाहिराती जुळवून आम्ही दोघेही थकलो होतो. ‘तय्यबच्या ओळीत चूक सापडत नाही,’ असे लोक म्हणत. आमचे कौतुक तेवढेच.

राज्याच्या शेवटच्या वर्षांत मार्तंड मास्तर एक हस्तलिखित घेऊन आले. ते निवृत्त शिक्षक. मुदखेडच्या आसपासची गावे पायी हिंडून त्यांनी वेठीची हकीकत लिहिली होती: कोणाला कसे धरून नेत आणि फुकट ओझी वाहायला लावत. पुस्तक सुरळीत जुळले. आमचा जीव घेतला तो शेवटच्या चार पानांनी. ती संदर्भांची यादी होती.

मास्तरांना यादी त्यांच्याच पद्धतीने हवी होती. कागदांवर कुठे फसली साल, कुठे हिजरी, कुठे शके. सगळे इसवीत हवे. आडनाव आधी घालावे, तर खेड्यातल्या माणसांनी आडनाव सांगितलेच नव्हते. मग गाव ठळक अक्षरात आणि पुढे नाव. शिवाय ग्रंथ आणि हकीकत सांगणारी माणसे मिळून एकच यादी. तीनदा जुळवली, तीनदा सोडली.

तय्यबभाई डोळे चोळत म्हणाले, “मास्तर, किताबांची यादी निराळी करा, मानसांची निराळी. लई सोपं जाईल.”

“नको तय्यबभाई. दफ्तरातल्या कागदाइतकाच गुरुपादप्पाचा शब्द खरा आहे. त्याच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत. बसू द्या शेजारी शेजारी.”

तय्यबभाईंनी मला पुन्हा उचलले. एकोणीस माणसांची नावे ग्रंथांच्या मधे मधे जाऊन बसली. मास्तर इतके खूश झाले की गावोगाव जाऊन सांगून आले, तुमचे नाव छापून येणार.

चारच दिवसांनी एक बाई दारात येऊन उभी राहिली. गुरुपादप्पाची बायको, निलव्वा. मास्तर तिथेच प्रूफ वाचत बसले होते.

“मास्तर, आमच्या मालकाचं नाव काढा,” ती म्हणाली. “कोन कोन बोललं म्हनून चावडीवर इचारायलेत. परवा त्येंला दिवसभर उन्हात बसवलं.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “पण नावच काढलं तर पुस्तकाला आधार कसला राहिला?”

“खिळे मोडले तर नवे येतेत, मास्तर,” तय्यबभाई हळूच म्हणाले. “ही मानसं न्हाई येनार.”

मग मास्तरांनी लाल शाईने एकोणीसही ओळी खोडल्या. “गावही काढा, नावही काढा. फुली घाला नुसती.” हस्तलिखिताची ती पाने आणि सगळी प्रुफे त्यांनी स्वतःच्या हाताने चुलीत घातली. आमच्याकडे लहान फुल्या तेराच निघाल्या. उरलेल्या सहा मोठ्या मापाच्या घातल्या. तय्यबभाईंची ओळ पहिल्यांदाच वाकडी दिसली.

पुस्तक निघाले. यादी पाहून लोक हसले, पण कोणाच्या अंगाला हात लागला नाही. मास्तर पुढच्या उन्हाळ्यात गेले. राज्य संपले ते त्यांना दिसले नाही.

त्यानंतरच्या थंडीत निलव्वा परत आली. गुरुपादप्पा तापाने गेला होता. तिने फडक्यातून ते पुस्तक काढले. “भाऊ, ह्यात त्येचं नाव घाला.”

“तुम्हीच काढायला लावलं होतं, बाई.”

“तवा भ्याले होते. आता घाला.”

तय्यबभाईंना तोवर बारीक खिळे दिसेनासे झाले होते. खिळ्यांच्या पेटीतले प्रत्येक अक्षराचे घर ते बोटांनी चाचपून ओळखत. न विकलेल्या प्रती फळीवर होत्या. त्यांत चिकटवायला त्यांनी एक चिठ्ठी जुळवायला घेतली. पहिली ओळ गुरुपादप्पाची. मग डोळे मिटून आठवत बसले. अकरा नावे आणखी आली.

“ईश्वरप्पा बी होता की,” निलव्वा म्हणाली.

“हाव, ईश्वरप्पा.” तेरा झाली. पुढे दोघेही अडले.

सकाळभर दोघांनी खळ लावून चिठ्ठ्या डकवल्या. वाचता येत नसलेल्या निलव्वाने पहिल्या ओळीवर बोट ठेवले. “ह्येच का?”

“ह्येच.”

ती बोट तसेच ठेवून बसली.

सहा फुल्या मात्र तशाच राहिल्या.

मित्रांनो, नवी यंत्रे आल्यावर मला भंगाराच्या पाटीत टाकले. त्याचे मला फारसे वाटत नाही. तुम्ही पुस्तकाची शेवटची पाने न वाचता मिटू नका. कोणी तुम्हाला काही सांगितले, तर त्याचे नाव त्याच दिवशी लिहून घ्या. छापणे धोक्याचे असेल तर छापू नका, पण कुठेतरी जपून ठेवा. ती सहा नावे एकदा माझ्यात ओळीने उभी होती. मला ती आठवत नाहीत. त्यांचे खिळे सोडवून घराघरांत परत टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यातून कोणाची तरी लग्नपत्रिका जुळली.