अख्खी भेंडी

देजानीरा आत्यानं गच्चीवर खोली बांधायला काढली तेव्हा गल्लीला वाटलं, बाई कबुतरं पाळणार. खोली पुरी झाली, तिला निळा रंग लागला, खिडकीला पडदा आला आणि दारावर पाटी लागली: ‘पाहुण्यांसाठी’. तेव्हापासून तिथं एकही पाहुणा उतरला नव्हता. कबुतरं मात्र आली.

“साल्वादोरला जगभरातून माणसं येतात,” आत्या म्हणायची, “आणि आमची एदी त्यांना उचलून बार्राच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवते. जसं काही आपल्या लिबेरदाजी वस्तीत पटकी पसरलीय.”

एदी म्हणजे एदिलेनी, तिची भाची. ब्राझीलमधल्या या शहराच्या विद्यापीठात येणाऱ्या पाहुण्यांना कुठं उतरवायचं, हे ठरवणं तिचं काम. म्हणजे ठरवायचे तिचे साहेब डॉक्टर लेओनिदास. एदिलेनी फक्त चादरी धुतलेल्या आहेत ना, ते बघायची.

यंदा लागोसहून प्राध्यापक केहिंदे साक्रामेंतू येणार होते. त्यांची पणजी याच शहरात गुलाम म्हणून राबली, स्वतःची किंमत स्वतःच मोजून मोकळी झाली आणि जहाजात बसून समुद्रापार आफ्रिकेला परत गेली. त्यानंतर त्या घराण्यातलं कुणी इकडे फिरकलं नव्हतं. हा पहिलाच. म्हणून एदिलेनीनं मन घट्ट केलं आणि दोन नेहमीच्या जागांसोबत आत्याची खोलीही सुचवली.

डॉक्टर लेओनिदासांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “लिबेरदाजी? तिथं कुणी उतरत नाही, एदिलेनी.”

“तिथं एवढी माणसं राहतात, डॉक्टर.”

“राहतात. उतरत नाहीत.”

आत्यानं हे ऐकून घेतलं. विळीवरची भेंडी संपवली. “बरं. मग सत्तावीस तारखेला जेवायला तरी आण त्याला. जेवायला काही उतरावं लागत नाही. आणि तेवढंही जमत नसेल, तर तूही येऊ नकोस. बार्राला जेव.”

सत्तावीस सप्टेंबर म्हणजे जुळ्या संतांचा दिवस, कोस्मे आणि दामियाँवचा. त्या दिवशी आत्याकडे कारुरू असतो. ढीगभर भेंडी बारीक चिरायची, सोडे, काजू आणि तांबडं ताडतेल घालून रटरटवायची, आधी सात पोरांना चटईवर बसवून एका परातीत जेवू घालायचं, मग गल्लीला. आणि पातेल्यात काही भेंड्या मुद्दाम अख्ख्या सोडायच्या. ज्याच्या पानात अख्खी भेंडी येईल त्यानं पुढच्या वर्षी सगळ्या गल्लीला कारुरू घालायचा. संतांची निवड, तिथं वशिला चालत नाही.

त्यामुळे आमच्या गल्लीनं एक विद्या कमावली आहे. अख्खी भेंडी दाताला न लावता, चेहऱ्यावरची माशी न हलवता गिळायची. शेजारचे आजेनोर काका तर भेंडी गिळता गिळता फुटबॉलवर बोलू शकतात. दरवर्षी आत्या विचारते, “कुणाला मिळाली?” दरवर्षी सगळे एकमेकांकडे बघतात. दरवर्षी कारुरू आत्याच घालते.

प्राध्यापक सत्ताविसालाच सकाळी उतरले. उंच, साठीतले, अंगात जरीकाम केलेला निळा झगा. एवढा ऐसपैस की विमानानं त्यांना एकच जागा दिली असेल तर तो अन्यायच होता. त्यांचं पोर्तुगीज आजीकडून आलेलं होतं, आजीचं तिच्या आईकडून. म्हणजे भाषा जहाजात बसली तेव्हा जशी होती तशीच, मिठात मुरवून ठेवल्यासारखी. विमानतळावर ते टॅक्सीवाल्याला म्हणाले, “स्वामी, आपली अनुज्ञा असेल तर निघावे.” टॅक्सीवाल्यानं गाडीतून उतरून शर्ट आत खोचला, मगच निघाला.

“कन्ये, मला जागा दाखव,” ते एदिलेनीला म्हणाले. “निजावयाचे कोठे हे मी स्वतः पाहून ठरवीन. माझ्या घराण्याला ती संधी प्रथमच मिळते आहे.”

पहिली जागा जुन्या शहरातली. पूर्वीचा साध्वींचा मठ, आता हॉटेल. डॉक्टर लेओनिदास तिथं आधीच येऊन थांबले होते. मॅनेजरनं भिंतीवर थाप मारली. “हातभर जाड. बाहेर काहीही होऊ दे, आत कळत नाही.”

“ह्या भिंती कोणी रचिल्या?”

“गुलामांनी,” मॅनेजर इटालियन संगमरवराबद्दल सांगावं तसा म्हणाला.

“आणि ते निजत कोठे?”

“खाली तळघरात. आता तिथं वाइन ठेवतो आम्ही.”

“मला तेथे जागा मिळेल काय?”

मॅनेजर कळवळला. “नाही हो. वाइनला थंडावा लागतो, माणसाच्या श्वासानं ती बिघडते.”

प्राध्यापकांनी मान डोलावली आणि वाइनच्या प्रकृतीची चौकशी करून बाहेर पडले.

दुसरी जागा बार्राचा टॉवर. डॉक्टर गाडी लावायला गेले तेवढ्यात दरवानानं झगा पाहिला, एदिलेनीला पाहिलं आणि बोटानं मागचं दार दाखवलं. ती नोकरमाणसांची लिफ्ट. एदिलेनी इतकी वर्षं त्याच लिफ्टनं चादरी बघायला जात होती. आज पहिल्यांदा तिचे कान तापले. ती तोंड उघडणार तेवढ्यात प्राध्यापक म्हणाले, “चल, कन्ये. लागोसला मंत्रीही मागील द्वारानेच येतात.”

दोन्ही लिफ्ट एकाच मजल्यावर उघडत होत्या. एकीत आरसा होता, दुसरीत गॅसचं सिलिंडर. आरशातून डॉक्टर लेओनिदास एकटेच बाहेर पडले, सिलिंडराआडून हे दोघं. डॉक्टरांनी पाहिलं. टाय सैल केला.

प्राध्यापकांनी समुद्र बघितला, पलंग दाबून बघितला. “उत्तम आहे. पण प्रवेशद्वारी जो मान मिळाला तो थोर आहे. रोज रोज सोसणार नाही मला.” एदिलेनीच्या तेव्हा लक्षात आलं की मागच्या दाराबद्दल या माणसाला सगळं कळलं होतं.

“आधी जेवून घेऊ,” डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. “जेवून ठरवू. कुठं जायचंय जेवायला?”

“लिबेरदाजीला,” एदिलेनी म्हणाली. “माझ्या घरी.”

आठ वर्षांत हे वाक्य ती ऑफिसातल्या कुणाहीसमोर बोलली नव्हती. बोलल्यावर काही झालं नाही. बार्राचा टॉवर होता तिथंच राहिला.

पोरांची पंगत उठली होती. अंगणात बाकं लागली होती, डॉक्टरांना गल्लीतली एकमेव हाताची खुर्ची दिली होती. आत्या पांढऱ्याशुभ्र झालरीच्या घागऱ्यात स्वतः वाढत होती. प्राध्यापकांसमोर ती थबकली. “केहिंदे म्हणजे तू पाठचा ना? जुळ्यातला दुसरा?”

“होय, माते. पहिला ताइवो. तो लागोसला गुडघे धरून बसला आहे.”

“बघा!” आत्या सगळ्या गल्लीला म्हणाली. “संतांच्या दिवशी जुळा आला दारात. आणि म्हणे इथं कुणी उतरत नाही.” हे शेवटचं तिनं डॉक्टरांच्या पानात भात वाढताना म्हटलं.

पंगत सुरू झाली, तशी ती ओळखीची शांतता पसरली. प्रत्येक जण आपल्या पानात विहिरीत डोकावावं तसा बघत होता. आजेनोर काका डॉक्टरांना कालच्या मॅचमधली पेनल्टी समजावून सांगता सांगता मधेच अर्धा क्षण थांबले आणि परत सुरू झाले.

एदिलेनीच्या चमच्याला काहीतरी लागलं. अख्खी भेंडी. तिनं सवयीनं ती भाताखाली ढकलली.

“अहाहा!”

प्राध्यापक उभे राहिले होते. झगा सावरून त्यांनी चिमटीतली भेंडी उंच धरली. तिला तार सुटली होती आणि ती उन्हात चमकत होती. “अखंड! आमची आजीही अशीच सोडीत असे!”

गल्लीत कुणी अख्खी भेंडी अशी जाहीर केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एक बाई चक्क रडू लागली. आत्यानं पळी खाली ठेवून तिचा अर्थ सांगितला: पुढच्या वर्षी गल्लीला जेवण.

“मान्य,” प्राध्यापक म्हणाले. “ताइवोलाही घेऊन येईन.”

“प्राध्यापक, तुम्ही पाहुणे,” डॉक्टर मधे पडले. “ही फक्त एक प्रथा आहे. तुमच्यावर काही बंधन…”

एदिलेनीनं भात बाजूला सारला. “मलाही मिळालीय,” ती म्हणाली आणि आपली भेंडी उंच धरली. “गेल्या वर्षीही मिळाली होती. माझा कारुरू इथंच होईल, आणि सगळं ऑफिस येईल. याच अंगणात.”

आजेनोर काकांना ठसका लागला. पाठीवर दोन धपके बसताच त्यांचीही भेंडी बाहेर आली, अगदी शाबूत.

“आत्या,” एदिलेनीनं विचारलं, “यंदा किती टाकल्यास?”

“पातेल्यात कशाला टाकू? प्रत्येकाच्या पानात एकेक वाढली,” आत्या शांतपणे म्हणाली. “एकदाचा विषय संपवावा म्हटलं.”

मग ती सावकाश डॉक्टरांकडे वळली. त्यांचं पान स्वच्छ होतं. “डॉक्टर, तुमची कुठंय?”

“नव्हती बहुतेक.”

“माझ्या हातानं वाढलीय. चावली असती तर मला दिसलं असतं. तुम्ही ती गिळलीत, ती पण बोलता बोलता. अशी गिळायला बार्रात शिकवत नाहीत.” आत्यानं कमरेवर हात ठेवले. “कुठल्या गल्लीतले तुम्ही?”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पेरो वाझ,” डॉक्टर पुटपुटले. म्हणजे चढावरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. “टाकीमागची गल्ली.”

“कुणाचे?”

“एदेलवीताचा. खोबऱ्याच्या वड्या विकायची.”

“एदेलवीताचा लेओ!” आत्यानं कपाळावर हात मारला. “अरे मेल्या! तू याच अंगणात सात पोरांत बसून जेवलायस! एकदा जेवून गेलास आणि शर्ट बदलून परत आलास, मी लेओचा जुळा भाऊ म्हणून!”

“आई म्हणाली होती, चालून जाईल.”

“चाललं की. संतांनाच जुळ्यांचं कौतुक, मी कोण तुला उठवणारी?”

गल्ली इतकी हसली की गच्चीवरची कबुतरं दचकून उडाली. डॉक्टरांनी टाय काढून खिशात घातला. एदिलेनीला तो माणूस पहिल्यांदाच कुठंतरी राहत असल्यासारखा वाटला.

प्राध्यापकांनी हात धुतले. “माझे ठरले. ज्याला गल्लीस जेवू घालावयाचे आहे, त्याने गल्लीतच निजावे. खोली दाखवा, माते.”

आत्यानं वर नेलं आणि पडदा सारला. खाली उतारावर घरंच घरं, त्यांच्यापलीकडे अख्खा उपसागर पसरला होता. “बार्रातनं नुसता समुद्र दिसतो,” ती म्हणाली. “इथनं वाट दिसते. तुझी पणजी गेली ती तिथनं.”

प्राध्यापक खिडकीशी गेले. मग त्यांनी फोन काढला आणि ताइवोला आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. एवढं मोठ्यानं, की फोनची गरज नव्हती.

खाली डॉक्टर लेओनिदास भली मोठी बॅग घेऊन लोखंडी गोल जिन्यापाशी अडले होते. “देजानीरा आत्या, सामानासाठी मागनं दुसरा जिना नाही का?”

“एकच आहे,” वरून आवाज आला. “इथं सगळे त्यानंच चढतात. बॅग डोक्यावर घे, लेओ.”

त्यांनी घेतली. मागून एदिलेनी धुतलेली चादर घेऊन चढली. कबुतरं मात्र परत आली नाहीत. बहुतेक बार्राला उतरली असावीत.