डावखुऱ्या कारागिराचा संदर्भ

शाळेतली पोरं मला संदर्भबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण ग्रंथालयाचं दार पातळ आहे. कुणी काही सांगितलं की मी विचारते, "कुठे वाचलंस?" मधल्या सुट्टीत कुणी रडत आलं, की अमक्याने माझं पेन चोरलं, तरी माझ्या तोंडून आधी हेच निघतं. मी स्वतः फारशी शिकलेली नाही. पुस्तकांना पुठ्ठे चढवायला म्हणून शाळेत आले, पुठ्ठे चढवता चढवता आतलं वाचत गेले. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा कुठलं पुस्तक कुठे आहे हे फक्त मला माहीत होतं, म्हणून त्यांची खुर्ची मला मिळाली.

त्यामुळे मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, नववीच्या वर्गाला ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला लावायचं ठरवलं, तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात पडलं. हा ज्ञानकोश सगळ्यांनी मिळून लिहायचा, कुणीही दुरुस्त करायचा.

"आजवर त्यातून नुसतं उतरवून काढलं," मोठ्या बाई म्हणाल्या, "आता जरा त्यात भर घालू देत. आपल्या गावावरचा लेख घ्या. एकेक वाक्य तपासायचं, प्रत्येकाला संदर्भ द्यायचा. हे तुमच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?"

मी मान डोलावली. पण त्या लेखातलं एक वाक्य माझं होतं, आणि ते धादांत खोटं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या आठवीने बेडकावरचा निबंध ज्ञानकोशातून असा उचलला होता, की चाळीसच्या चाळीस वह्यांत चौथ्या परिच्छेदाखाली "हा विभाग अपूर्ण आहे, भर घालण्यास मदत करा" हेही सुवाच्य अक्षरात उतरलं होतं. मी चिडले. म्हटलं, तिथे कुणीही काहीही लिहू शकतं हे ह्यांना दाखवतेच. गावावरच्या लेखात, घड्याळाच्या मनोऱ्याच्या माहितीत, मी एक वाक्य घुसवलं: "हे घड्याळ बनवणारा कारागीर डावखुरा होता, त्यामुळे त्याची किल्ली उलटी फिरते." सोमवारी वर्गात दाखवायचं आणि तिथल्या तिथे पुसायचं, असा बेत.

सोमवारी शाळेचं इंटरनेट गेलं ते तीन आठवड्यांनी आलं. तोवर परीक्षा, मग सुट्टी. सुट्टीत गावच्या पेपराने मनोऱ्यावर अर्धं पान छापलं, "डावखुऱ्याची करामत". पुढच्या वर्षी नगरपालिकेने मनोऱ्याखाली फलक लावला, त्यातही तो डावखुरा.

पुसायला मी बसले होते, नाही असं नाही. पण आमच्या ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि हे डावखुरे. लहानपणी वडिलांनी ह्यांचा डावा हात खुर्चीला बांधून लिहायला शिकवलं, म्हणून अक्षर अजूनही उजव्या हाताचं आणि रडकं. बारीक काम मात्र डाव्याने. ह्यांनी पेपरातलं ते कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलं आणि मला म्हणाले, "बघ, माझ्याआधी एक होता." त्यानंतर त्या वाक्याला हात लावायचं माझं धाडस झालं नाही.

तर नववीत लेखाची वाटणी झाली. नदी, बाजार, बसस्थानक भराभर खपले. मनोरा वकीलबाईने घेतला. वकीलबाई म्हणजे पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी. "बरं" म्हणून गप्प बसणं तिला ठाऊक नाही.

सोमवारी ती ग्रंथालयात हजर.

"बाई, डावखुऱ्याला दोन संदर्भ आहेत. पेपर आणि फलक."

"झालं की मग. चांगले आहेत."

"पण तुम्हीच म्हणालात, मूळ गाठायचं. मी पेपरच्या ऑफिसात फोन केला."

"अगं, कामाची माणसं ती. कशाला त्रास द्यायचा?"

"ते म्हणाले, नगरपालिकेकडून कळलं असेल. नगरपालिकेत गेले तर तिथले काका म्हणाले, पेपरात आलं होतं." तिने वेणीचं टोक दातात धरलं. "दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत, बाई. म्हणजे तिसराच कुणीतरी आहे."

मी एका स्वच्छ पुस्तकावरची धूळ झटकली.

"गुरुवारी तुम्ही ते 'इतिहास'चं पान शिकवणार ना? कुणी कधी काय लिहिलं ते दिसतं ते?"

"वेळ उरला तर."

"उरवा ना. मोठ्या बाई पण येणारेत बघायला."

बुधवारी संध्याकाळी मी दुकानात गेले. हे डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होते.

"अहो, एक सांगायचंय."

"सांग. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

मी काचेखालच्या कात्रणावर बोट ठेवलं. "हे खोटं आहे."

"माहितीये."

मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"ते घड्याळ बंद पडलं की मलाच बोलावतात ना," हे म्हणाले. "किल्ली चार घड्याळांसारखीच फिरते. उलटीबिलटी काही नाही."

"मग हे कात्रण अजून इथे कशाला?"

ह्यांनी भिंग काढलं. "लोक विचारतात, डाव्या हाताने नीट जमतं ना हो? मी ह्याच्यावर बोट ठेवतो. बोलायचं वाचतं." मग ते पुसत म्हणाले, "ज्याने कुणी लिहिलंय ना, त्याला एकदा भेटायचं होतं. म्हटलं, विचारावं, तुला हे सुचलं कशावरून."

"तुमच्यावरून," मी म्हटलं.

चिमटा खाली ठेवला गेला.

"म्हणजे मी उलटी किल्ली?"

"त्या दिवशी सकाळी तुम्ही लोणच्याच्या बरणीचं झाकण असं बसवलं होतं, की ते उघडायला शेजारच्या भावजींना बोलवावं लागलं."

हे हसले, पण अर्धंच. "अकरा वर्षं मी लोकांना सांगत राहिलो, आणि तू समोर डबा ठेवून जात राहिलीस."

मी काचेवरचा डाग पदराने पुसत राहिले.

"उद्या वर्गात सांगणार आहेस?"

"सांगू?"

"मला काय विचारतेस? संदर्भबाई तू."

गुरुवारी मोठ्या बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मी पडद्यावर 'इतिहास' उघडला, अकरा वर्षं मागे गेले आणि त्या ओळीवर थांबले. "हे वाक्य टाकणारी सदस्य मी आहे," मी म्हटलं, आणि बेडकापासून सगळं सांगितलं. फक्त लोणच्याची बरणी वगळली.

वकीलबाईने वही मिटली.

"मला मंगळवारीच तिथे तुमचं सदस्यनाव दिसलं होतं, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"आई म्हणाली, गुरुवारपर्यंत थांब. बाई स्वतः सांगतील."

मी तिच्याकडे न बघता ते वाक्य पुसलं. पाच मिनिटांत ते परत आलं. 'पहारेकरी' नावाच्या कुणा सदस्याने शेरा मारला होता: "दोन संदर्भ असलेला मजकूर वगळू नये." मी चर्चापानावर लिहिलं, हा मजकूर मीच मनाने रचला होता, क्षमस्व. त्याचं उत्तर तत्काळ: "आपण स्वतः सांगता म्हणून ग्राह्य धरता येत नाही. प्रकाशित संदर्भ द्यावा."

मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक आवाजात विचारलं, "बाई, कुठे वाचलंत?"

मग मात्र वर्ग फुटला. मोठ्या बाईंनीही तोंडाला रुमाल लावला. रुमाल खाली आला तेव्हा त्या म्हणाल्या, "हसून झालं. आता हे छापून आणा. नावानिशी."

मी पेपरच्या संपादकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत. आता खरं सांगताय कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मीही हाच विचारला असता.

म्हणून शनिवारी आम्ही मनोऱ्यावर. हे, मी, पेपरचा वार्ताहर, त्याचा फोटोग्राफर, आणि नववीची प्रतिनिधी म्हणून वकीलबाई. जिना इतका अरुंद की वार्ताहर आडवा होऊन चढला. वर पोचल्यावर त्याने स्वतः किल्ली फिरवून पाहिली. दोन फेऱ्यांत त्याला घाम फुटला.

"सरळच फिरते," त्याने टिपून घेतलं.

"फोटोत दिशा कशी दिसणार?" वकीलबाई म्हणाली.

"ही कोण?"

"माझी तपासणी अधिकारी," मी म्हटलं.

फोटोग्राफरने ह्यांना किल्लीपाशी उभं केलं. "काका, उजव्या हाताने धरा. डावा दिसला तर लोकांचा परत घोळ व्हायचा."

ह्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उजवा हात थोडा उचललासुद्धा. मी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"होऊ दे घोळ," हे म्हणाले आणि तो हात खिशात घातला. "खाली लिहा, घड्याळ सरळ आहे, ते चालवणारा डावखुरा आहे." आणि डाव्या हाताने सावकाश, न दमता, फेऱ्यामागून फेरा देत राहिले. फोटोग्राफरने फोटो तसाच काढला.

वकीलबाईने माझी बाही ओढली. "बाई, हे लेखात घालू का?"

"आधी उद्याचा पेपर येऊ दे," मी म्हटलं.