पाटीतला पांढरा दिवा

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तीही पाहुण्या बाईंच्या देखत.

दुकानांच्या चमकत्या पाट्या बनवायचा भावाबहिणीचा कारखाना. दादा पाट्या विकायचा आणि ती मागच्या खोलीत तीन वर्षं एका यंत्राशी झटत होती. काम म्हटलं तर सोपं. निळा एलईडी लावायचा, झटक्यात विझवायचा, आणि समोरच्या बाटलीतलं रसायन त्यानंतर किती वेळ चमकत राहतं ते मोजायचं. रसायन बदललं की हा वेळ बदलतो. लोक यासाठी भलामोठा लेसर आणतात. ही बया साध्या एलईडीवर भागवत होती. आज एका प्रयोगशाळेची खरेदी बघणाऱ्या बाई यंत्र बघायला आल्या होत्या. त्या नको म्हणाल्या तर यंत्र गुंडाळायचं आणि पाट्यांच्या टेबलावर बसायचं, असं दादानं बजावून ठेवलं होतं.

आणि यंत्र प्रत्येक बाटलीला तोच आकडा दाखवत होतं!

"वा, अजिबात हलत नाही हो आकडा," बाई खूश होऊन म्हणाल्या. दादानं हिला डोळा मारला. गप बस, असा त्याचा अर्थ.

गप कसली बसते! तिनं बाटलीत नुसतं पाणी भरलं आणि ती आत ठेवली. पाणी कुठलं चमकायला? तरी आकडा तोच. तिनं फाडकन झाकण उघडलं. निळ्याच्या जागी पाटीतला पांढरा एलईडी बसवलेला. पांढऱ्यात आत निळाच असतो, वर पिवळा लेप. आणि दिवा विझला तरी तो लेप, डोळ्याला कळणार नाही इतका थोडा वेळ, चमकत राहतो. यंत्र स्वतःच्याच दिव्याची चमक मोजत होतं.

"हा कुणी लावला?"

"मीच," दादा म्हणाला. "तुझा निळा नुसता मिणमिणत होता. बाईंना दिसायला नको?"

तिनं बाईंकडे वळून सरळ सांगितलं, "आजचे सगळे आकडे खोटे आहेत. दिवा चुकीचा आहे. मला थोडा वेळ द्या, बदलते."

बाईंचा चेहरा उतरला. "राहू द्या आता. यंत्र आमच्याकडे आणून दाखवा, जमलं तर," असं म्हणून त्या निघून गेल्या.

"झालं समाधान?" दादा ओरडला. "हातातोंडाशी आलेलं घालवलंस! अगं, तुझ्याचसाठी केलं ना मी?"

"माझ्यासाठी? एक सांग. हे यंत्र मोजतं काय?"

दादा गडबडला. "उजेड. किती आहे तो. अजून काय?"

उजेड नाही, वेळ! कितीदा सांगितलं होतं तिनं! जेवताना, गाडीत, आजारी आईच्या उशाशी बसून. प्रत्येक वेळी हा "हो, हो" म्हणाला होता. तिनं पांढरा दिवा उपटून टेबलावर आपटला, निळा बसवला आणि बाटली आत सरकवली. आकडा बदलला. दुसरी ठेवली, पुन्हा बदलला.

तिनं यंत्र खोक्यात भरलं.

"कुठे निघालीस?"

"बाईंकडे."

"थांब, मी बोलतो त्यांच्याशी. तुला बोलता येत नाही."

"तू काय बोलणार?" ती दारातून म्हणाली. "तुला माहीत तरी आहे का, मी काय बनवलंय ते?"