काच खाली होती

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्हाला चाकं आहेत, दिवे आहेत, पाठीवर संत्र्यांचे क्रेट आहेत. पण तुमची बोटं कुणीतरी डिंकाने चिकटवून ठेवली आहेत. मालक आतून दार उघडू पाहतो आणि ते काही तुम्हाला उघडता येत नाही. किती ओशाळं वाटेल! मला तसंच वाटत असे. मी काटोलकडच्या नत्थूजींची जुनी पिकअप गाडी.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी दारं नुसत्या बोटाने उघडत. नत्थूजींनी मला आणलं, त्याच सुमारास त्यांचा गोठा रिकामा झाला होता. बैलांवरची सगळी माया त्यांनी मला लावली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात, त्यांना हळद-तूप चोळतात आणि म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." नत्थूजी ते आवतण माझ्या आरशाजवळ वाकून देत. मला खांदे नाहीत, म्हणून घरच्या जवसाचं तेल दारांच्या सांध्यांत, कुलपांत आणि काचेच्या फटीत सोडत. त्यांची छोटी नात नूपुर कोंबडीच्या पिसाने किल्लीच्या भोकात तेल घाली.

"पोटभर पाज वं तिले," नत्थूजी म्हणत. "सालभर आपल्यासाठी राबते."

वर्षं सरली. माझी दारं जड होऊ लागली. ती जड झाली की नत्थूजी आणखी तेल घालत. शेवटी त्यांच्या बाजूचं दार आतून उघडायचंच बंद झालं. मग ते काच खाली करत, हात बाहेर काढत, बाहेरची मूठ ओढत आणि उतरत. नागपूरच्या बाजारात हमालांना त्याची गंमत वाटे.

"नत्थूजी, गाडीतून निघून राहिले का बिळातून गा?"

"बिळातूनच. म्हणून तर अजून कोण्या मांजरीले सापडलो नाही."

सगळे हसत. मी मात्र रंग उडालेल्या पत्र्यामागे शरमून उभी राही.

नूपुर आता मोठी झाली होती. ती आईवडिलांसोबत नागपुरात हुडकेश्वरला राही आणि तिथल्याच शाळेत जाई. शाळेचं स्नेहसंमेलन हिवाळ्यात होतं. तिला नाटकात काम मिळालं होतं. "आबा, पहिल्या रांगेत बसजा," असं तिनेच फोनवर बजावलं होतं. संत्री बाजारात उतरवून नत्थूजींनी इस्त्रीचा कुर्ता चढवला, टोपी नीट केली आणि नूपुरला घेऊन आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो.

नूपुर डाव्या दाराने उतरली. समोर तिची मैत्रीण काजल उभी होती. तिच्यामागे नवी, चकचकीत गाडी होती. काजलने माझ्या गंजलेल्या दाराकडे पाहिलं, मग नत्थूजींकडे.

"कोण आहे वं ते?"

नूपुरचे कान लाल झाले. "संत्रेवाले आहेत," ती म्हणाली. "इकडंच येत होते, म्हणून बसली." आणि ती मागे न पाहता आत गेली.

काच खाली होती. नत्थूजींचा हात बाहेरच्या मुठीपर्यंत गेलाही होता. तो तिथेच थांबला, मग हळूच आत आला आणि मांडीवर पडून राहिला. शाळेतून नाटकाचा आवाज लाऊडस्पीकरवर येत होता. नूपुर बोलू लागली की नत्थूजी मान हलवत. टाळ्या वाजल्या तेव्हा तेही टाळ्या वाजवत होते. माझ्या आत बसून, एकटेच.

संमेलन संपल्यावर नूपुर आली. "आबा, तुम्ही दिसलेच नाही."

"दार अडकलं वं बाई. निघताच आलं नाही."

तिने उघड्या काचेकडे पाहिलं. मग नत्थूजींच्या हाताकडे पाहिलं. घरी जाईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

मित्रांनो, दार त्या दिवशी खरोखर अडवत नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तरी मला वाटे, मी धड असते तर ही वेळच आली नसती. लाज एकाची नव्हती. तिघांत वाटली तरी ती कुणाचीच कमी झाली नाही.

त्या संध्याकाळी हुडकेश्वरच्या अंगणात नत्थूजी मुलाला, म्हणजे नूपुरच्या वडिलांना म्हणाले, "सुशील, भंगारवाला पाहून ठेव. ही गाडी काढून टाकतो."

"काहून बाबा? चालून तर राहिली."

"लेकराले त्रास होते तिच्या दाराचा."

नूपुर पायरीवर बसून ऐकत होती. ती उठून जवळ आली. "आबा, विकू नका. उद्या रविवार आहे. आपण दार खोलून पाहू."

"तुले स्क्रू कोणता अन् खिळा कोणता हे समजते का?" सुशील हसला.

"आबा शिकवतील," ती म्हणाली.

सकाळी दोघांनी माझ्या दाराचं आतलं आवरण काढलं. आत खटका होता आणि त्याला ओढणारी सळी होती. दोन्हींवर पिवळट, चिवट लेप बसला होता. नत्थूजींनी तो नखाने खरवडला, नाकाशी नेला आणि ते खाली बसले.

"हे तर आपलंच जवसाचं तेल. हे वाळते वं बाई, लाकडावर चढवलं की रोगणासारखं होते. हे मले माहीत होतं. तरी दर पोळ्याले हिले पाजत राहिलो."

"मीपण पाजलं ना, आबा," नूपुर म्हणाली.

मग जुन्या टूथब्रशने आणि डिझेलने त्यांनी तो लेप भिजवला, घासला, कोरड्या फडक्याने पुसला. खटक्याला बोटभर ग्रीस लावलं. किल्लीच्या भोकात तेल न घालता नूपुरने पेन्सिलच्या शिशाची भुकटी फुंकली. नत्थूजींनी आतला दांडा ओढला. टक्. दार उघडलं. त्या आवाजाने मीच दचकले.

बालमित्रांनो, ज्याची काळजी घ्यायची त्याला काय सोसतं, हे आधी पाहत जा. माया खरी असूनही माझे सांधे आखडले. पुढच्या पोळ्याला मला आवतण मिळालं, तेल मात्र बोनेटवरच्या टिळ्यापुरतंच.

पण ते नंतरचं. दार सुटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, नत्थूजी नूपुरला शाळेत सोडायला आले. फाटकाशी काजल उभी होती. दार आता आतून उघडत होतं, पण नत्थूजींनी दांड्याला हात लावला नाही. इंजिनही चालूच ठेवलं. नूपुर उतरली. काजलने हाक मारली तरी ती तिकडे गेली नाही. ती माझ्यापुढून वळसा घालून आली, बाहेरची मूठ ओढून दार सताड उघडलं, आणि नत्थूजी उतरेपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मग त्यांचं बोट धरून ती त्यांना काजलकडे घेऊन गेली.

"हे माझे आबा," ती म्हणाली.