बाराव्या वर्षाचा पाऊस

कीर्तनाच्या खोलीचं दार बंद असलं की कृष्णस्वामी घरातल्या घरात चपला हातात घेऊन चालायचे. आत मुलगी लाइव्ह आहे, म्हणजे हजारो लोकांशी एकाच वेळी बोलते आहे, आणि आपल्या चपलांची फटफट त्या सगळ्यांना ऐकू जाईल, ही त्यांची धास्ती. अप्पा, तुमचा आवाज मायकात येत नाही, असं कीर्तनाने चारदा सांगून पाहिलं. उपयोग शून्य.

तमिळ मुलुखात, पेरुंगुडीला आठव्या मजल्यावर हे बापलेक दोघंच राहत. घराणं तंजावरकडचं मराठी. अप्पांनी सरकारी नोकरीत चौतीस वर्षं नकाशे काढले, सगळे पेन्सिलीने आणि शाईने. कचेरीत संगणक आले तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते. कीर्तना मात्र दिवसभर संगणकासमोर. बाजारात येणारे नवे व्हिडिओ गेम ती लोकांना खेळून दाखवायची, तमिळमध्ये, अधूनमधून इंग्रजीत. गेम बरा की वाईट हे ती तोंडावर सांगते, अशी तिची ख्याती होती. तिच्या चॅनेलवरची भांडणं आवरायचं काम नाशिकहून नोकरीसाठी आलेला उन्मेष करायचा. तो तिचा जुन्या कंपनीतला मित्र.

त्या बुधवारी तिच्याकडे 'नेय्दल' नावाचा गेम आला. समुद्रकाठच्या मुलुखाला तमिळमध्ये जो शब्द आहे, तोच. खेळणारा एका नव्या शहराचा मुख्य अभियंता असतो आणि त्याने रिकाम्या किनाऱ्यावर शहर वसवायचं. बाजारात यायचा होता शुक्रवारी. तिला आधी मिळाला, कारण ती खेळून दाखवणाऱ्यांच्या यादीत होती. सोबत वितरक कंपनीचा एक कागद होता. गेम 'निवांत आणि प्रसन्न' आहे असं म्हणावं. पूल आणि उद्यानं दाखवावीत. पहिला महिनाभर गेममधल्या शहराच्या दहाव्या वर्षापुढचा भाग दाखवू नये. आणि 'राजकीय' हा शब्द टाळावा.

कीर्तनाने आधी एकटीने खेळून पाहिला. शहर भराभर वाढलं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक मोठी मोकळी जागा होती, तिच्यावर लिहिलेलं 'पोरंबोक'. सरकारदप्तरी या शब्दाचा अर्थ कुणाच्याच मालकीची नसलेली, सारा न भरणारी जमीन. रस्त्यावर तीच शिवी. मंत्रिमहाशयांनी ती जागा भरून घ्यायला सांगितली, तिने सही केली आणि तिथे घरांच्या रांगा उभ्या केल्या. बाराव्या वर्षी पाऊस आला. अर्धं शहर पाण्याखाली गेलं.

गेम तिथे संपला नाही. चौकशी आयोग बसला. एकेक फाइल उघडू लागली आणि प्रत्येकीवर तिची सही होती. घरं बुडालेली माणसं एकेक करून समोर येऊन बसली आणि तिच्याकडे बघत राहिली. तिने गेम बंद केला आणि ती खुर्चीतून उठली.

शनिवारपर्यंत सगळीकडे रणकंदन माजलं. अर्धे लोक ओरडत होते की गेममध्ये राजकारण घुसडलंय, आम्हाला उपदेश नको. बाकीचे कागदात सांगितल्याप्रमाणे पूल दाखवून 'किती निवांत' म्हणत होते.

"तू काय करणारेस?" उन्मेषने फोनवर विचारलं.

"ठाऊक नाही. पूल दाखवले तर खोटं होईल. बुडालेलं शहर दाखवलं तर दोन्हीकडचे लोक माझ्याच खोलीत येऊन भांडतील."

ती हे बोलत असताना अप्पा कॉफी घेऊन आत आले. फोन चालू होता, म्हणून पाय न वाजवता. पेला टेबलावर ठेवला आणि पडद्यावरचा नकाशा बघून तिथेच थबकले. चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"हा पट कोण काढला?"

त्यांची मराठी तंजावरची, जुन्या वळणाची. उन्मेषला ती पहिल्यांदा ऐकताना हसू आलं होतं. आता तोही कान देऊन ऐकायचा.

"गेम आहे, अप्पा. खोटं गाव."

"गांव खोटं असंल. उताराच्या रेघा खऱ्या हायत." ते वाकले आणि बोट काचेला न लावता वरच्या टेकड्यांपासून खाली कोपऱ्यापर्यंत फिरवत आले. "हें सारं पाणी हिकडे येतें. आणि हिकडे लिहिलेत पोरंबोक. हा शब्द मी माझ्या हातानं हजारवेळां लिहिलों, अम्मा. ही जागा रिकामी नव्हे. पाण्याची हाय."

कीर्तनाला ते लाडाने अम्मा म्हणत. तिने तो नकाशा तीन दिवस डोळ्यांसमोर ठेवला होता. त्या पुसट तपकिरी रेघा तिला नक्षी वाटल्या होत्या.

"अप्पा, उद्या तुम्ही खेळाल?"

रविवारी सकाळी नऊला तिने कॅमेरा सुरू केला. आधी कंपनीचा तो कागद शब्दनशब्द वाचून दाखवला. मग म्हणाली, "यातलं मी काहीच पाळणार नाही. गेम राजकीय आहे. कसा, ते तुम्हीच बघा. खेळणार आहेत माझे वडील."

इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कृष्णस्वामी खुर्चीत बसले. माउस त्यांनी दोन्ही हातांनी धरला. एक हात काढायला तिने शिकवलं. त्यांनी चाळीस मिनिटं एक वीटसुद्धा लावली नाही. गेममध्ये पावसाचं पाणी ओतून बघायचं एक साधन होतं, कोपऱ्यात, कुणी न वापरलेलं. ते घेऊन त्यांनी टेकडीवर पाणी ओतलं, ते कुठे जातं ते पाहिलं, पुन्हा दुसऱ्या टेकडीवर ओतलं.

'ताता झाडांना पाणी घालतायत,' कुणीतरी लिहिलं. ताता म्हणजे आजोबा. हसण्याची चिन्हं धो धो वाहू लागली. पण बघणारे कमी होईनात. दोन हजारांचे चार हजार झाले.

मग त्यांनी बांधायला घेतलं. घरं उंचवट्यावर, रस्ते पाण्याच्या वाटा सोडून. शहर हळू वाढलं, ठेंगणं राहिलं. सातव्या वर्षी मंत्रिमहाशय आले, हसरे, हातात फाइल. खालची जागा भरायची आहे. पडद्यावर दोन चौकोन उमटले: सही करतो, सही करत नाही.

अप्पांचा हात थांबला.

"अप्पा?"

"मी एकदां केलों," ते म्हणाले. पडद्याकडे बघतच. "जुना पट देऊन नवा उतरायला सांगितले. त्यांत एक पाणथळ होती, निळ्या रेघांची. वरून निरोप आला, निळं उतरूं नको. मी उतरलों नाहीं. एवढंच. पांढरं सोडलों."

उन्मेषचा मेसेज चमकला: माइक चालू आहे! कीर्तनाचा हात बटणाकडे गेला. तिने हळूच विचारलं, "बंद करू?"

"राहूं दे."

कुठली पाणथळ, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीबद्दल त्यांनी घरी कधी चार वाक्यंसुद्धा सांगितली नव्हती. त्यांनी माउस दुसऱ्या चौकोनावर नेला आणि दाबला. सही करत नाही.

गेमने त्यांची बदली केली. मुख्य अभियंत्याची खुर्ची गेली, यंत्रं गेली, शहर दुसऱ्याच कुणाच्या हातात गेलं. त्यांना मिळालं एका मागच्या खोलीतलं टेबल. काम एकच: दरवर्षी शहराचा नकाशा नव्याने काढायचा. 'मागचाच ठेवा' असं सोयीचं बटणही होतं. दाबलं की वर्ष पुढे. पण त्यावर माउस नुसता नेला तरी नकाशातलं निळं थोडं फिकं दिसायचं, हे कीर्तनाच्या लक्षात आलं.

अप्पांनी ते बटण दाबलं नाही. आठव्या वर्षी त्यांनी निळ्या रेघा हाताने ओढल्या, एकेक, माउस धरून, मनगट टेबलावर टेकवून. नवव्या वर्षी पुन्हा. दहाव्या वर्षी पुन्हा. नव्या अभियंत्याच्या परवानग्या त्या निळ्यापाशी येऊन अडत होत्या. बघणारे अकरा हजार झाले होते आणि भांडण कुणीच करत नव्हतं. 'ताता, डावीकडची एक रेघ राहिली,' एकाने लिहिलं. अप्पांनी चष्म्यातून वाचलं, मान डोलावली आणि ती रेघ ओढली.

बारावं वर्ष उजाडलं. पाऊस आला.

कीर्तनाला तो पाठ होता. रस्ते कसे काळे होतात, पहिलं घर कुठलं जातं, सगळं. ती अप्पांच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. पाणी टेकड्यांवरून सुटलं, सोडलेल्या वाटांनी धावत आलं, शहराला वळसा घालून खालच्या कोपऱ्यात पोहोचलं. आणि ती जागा उघडली. दुसरा शब्द तिला सुचला नाही. मोठ्या जनावराने श्वास आत घ्यावा तशी ती सगळी जमीन फुगत, पसरत गेली आणि पाणी आत घेत राहिली, घेत राहिली. वर शहरात दिवे चालू होते. खिडकीत एक बाई कपडे वाळत घालायला जागा शोधत होती.

पाऊस थांबला. मग दृश्य आपोआप वर उचललं गेलं, खूप वर, आणि समुद्राच्या बाजूने पक्षी आले. आधी एक रांग, मग इतके की पाणी दिसेना. पांढरे, करडे, गुलाबी. आवाज नव्हताच, फक्त पंखांचा. ज्या गेमचा कोपरान् कोपरा पाहिला असं सगळे म्हणत होते, त्यात हे होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. कीर्तनाने बाजूच्या पट्टीकडे पाहिलं. अकरा हजार माणसं बघत होती आणि एकही ओळ येत नव्हती. असं तिच्या चॅनेलवर कधीच झालं नव्हतं.

शेवटी गेममधलं दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडलं. कोपऱ्यात एकच बातमी: काल पाऊस पडला.

बस. आयोग नाही, सत्कार नाही. त्या शहरात कुणाला काही कळलंच नव्हतं.

"संपला?" अप्पांनी विचारलं.

"संपला, अप्पा."

मंगळवारी वितरक कंपनीचं पत्र आलं: यापुढे तिचं नाव यादीत नसेल. ती एकदा वाचून उठली आणि तांदूळ धुवायला गेली. पुढचे गेम बाजारात आल्यावर इतरांबरोबर घेऊन खेळायचे. त्याने फार काही बिघडत नव्हतं.

गुरुवारी दुपारी फोन आला. संयुक्ता नावाची बाई, पुदुच्चेरीहून. 'नेय्दल' तिने आणि तिच्या तीन सोबत्यांनी सहा वर्षं खपून बनवला होता.

"तो शेवट काढून टाका, इथवर कुणी पोहोचणार नाही, असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं," ती तमिळमध्ये म्हणाली. "रविवारी आम्ही चौघं एका खोलीत बसून बघत होतो. आमचे पक्षी दुसऱ्या कुणाच्या हातून उतरताना आम्ही पहिल्यांदाच पाहिले. तुमच्या वडिलांशी बोलू शकते का?"

कीर्तनाने फोन अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तिची चौकशी केली, जेवण झालं का विचारलं. मग घसा साफ करून तमिळमध्येच म्हणाले, "तुमच्या नकाशात एक चूक आहे. ईशान्येच्या टेकडीवर उंची दाखवणाऱ्या दोन रेघा एकमेकींना छेदतात. तसं कधी होत नाही. एकच जागा एकाच वेळी दोन उंचींवर कशी असेल?"

कीर्तनाला फोनमधून खुर्च्या सरकल्याचे आवाज ऐकू आले, आणि संयुक्ता कुणाला तरी म्हणत होती, "वही आण, लवकर."

अप्पा टेबलाशी बसले. हाताशी कागद ओढला आणि फोन कानाला लावूनच टेकडी काढून सांगू लागले, पायथ्यापासून, एकेक रेघ, सावकाश. कीर्तना दाराशी उभी राहून ऐकत होती. टेकडी कशी वाचतात, हे इतक्या वर्षांत तिने त्यांना कधी विचारलं नव्हतं. ती आत आली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली.