शहिदाचं होकायंत्र

एका राष्ट्रीय युद्धसंग्रहालयाचं फिरतं प्रदर्शन चंद्रपूरला आलं होतं. मंडपात तोफगोळे होते, वर्द्या होत्या, पदकं होती. पण झुंबड होती ती एका काचपेटीभोवती. आत कोण्या शहीद सुभेदाराचं जुनं होकायंत्र होतं. सुईनाथ महाराज नावाचे एक बुवा काचेवरून हात फिरवत, प्रश्न विचारत आणि सुई गर्रकन वळे. "सरकारची सुई उत्तर दिशा दाखवते, शहिदाची सुई उत्तर देते," महाराज सांगत. लोक हात जोडत.

सिंदेवाहीची भागीरथाबाई सुनेला, स्वातीला, घेऊन आली होती. तिचा मुलगा, स्वातीचा नवरा रोशन फौजेत. गेल्या हिवाळ्यात बर्फाचा कडा कोसळला. सोबती सापडले, रोशन काही सापडला नाही. तेव्हापासून या दोघी एकमेकींच्या आधारानेच जगत होत्या.

रोशन जिवंत आहे का, महाराजांनी सुईला विचारलं. सुई हलली. आहे म्हणाले. भागीरथाबाईला रडू आवरेना. मग तो येत का नाही, कोण आडवं येतं, असं त्यांनी विचारलं. सुई वळत वळत स्वातीसमोर थांबली.

गर्दी मागे सरली. ही घरात आहे तोवर पोरगा येणार नाही, महाराज बोलले. स्वाती सासूकडे वळली. माहेरी तिचं कोणी उरलं नव्हतं.

"आई, मी काऊन अडवीन त्यायले?"

भागीरथाबाईने मान फिरवली. "तू जाय बाई. माह्या रोशनले येऊ दे."

तिला बाहेर काढायला महाराजांनी तिचं मनगट धरलं. तशा तिच्या बांगडीतल्या सेफ्टी पिना खटकन त्यांच्या जाड अंगठीला चिकटल्या. त्यांनी हात झटकला, पिना सुटेनात. स्वाती पाहतच राहिली.

"महाराज, अंगठी काढा अन् मंग विचारा."

अंगठी न काढण्याची गुरूची आण आहे, असं महाराज सांगू लागले. तोवर प्रदर्शनाच्या अधिकारी निशातबाई आल्या. त्यांनी अंगठी उतरवायलाच लावली. बिनअंगठीच्या हाताने सुई ढिम्म हलेना. स्वातीने अंगठी काचेवरून फिरवली, तशी सुई मागोमाग आली आणि भागीरथाबाईसमोर थांबली.

"आता तुम्ही अडवून राह्यल्या काय त्यायले? आई, हे चुंबक आहे."

महाराज केव्हाच पसार झाले होते. भागीरथाबाई काचपेटीपाशी खाली बसली.

"मंग माहा रोशन?"

"मले नाई मालूम, आई," स्वाती तिच्याशेजारी बसली. "पण या सुईलेही नाई मालूम."

सुई चुंबकी लोखंडाची असते, ती जवळच्या चुंबकामागे जाते. माणसाचं दुःख तिला कळत नाही. म्हणून बाबांनो, काळीज कितीही तुटत असलं तरी हात फिरवणाऱ्याच्या बोटांकडे आधी पाहा. 'ठाऊक नाही' हे उत्तर जीव जाळतं, पण ते कोणाला घराबाहेर काढत नाही.