लुगडी नेसलेला ट्रान्सफॉर्मर

मित्रांनो, लालबागच्या चाळीमागे जाळीच्या कुंपणात जो अखंड गुणगुणतो, तो जुना ट्रान्सफॉर्मर म्हणजे मी. पुस्तकात मला रोहित्र म्हणतात. नाव भारदस्त आहे, आणि मला शोभतंही!

माझ्या पोटात पोलादी पत्र्यांचा गाभा आहे आणि त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. ती एकमेकांना शिवत नाहीत. पण पहिल्यात प्रवाह उलटसुलट धावू लागला, की गाभ्यातलं चुंबकत्व दुसऱ्यात वीज जागी करतं. माझ्या दुसऱ्या वेटोळ्यात वेढे कमी, म्हणून विजेचा दाबही कमी. वीजघरातले माझे थोरले भाऊ दाब चढवून वीज लांब धाडतात. मी तो उतरवून तुमच्या दिव्यांजोगी करतो. रेडिओतलं माझं चिमुकलं भावंडही याच घराण्यातलं. कामाने अंग तापतं, म्हणून मी तेलात बुडालेला असतो, आणि ते तेल बाहेरच्या वाऱ्याने निवतं.

तो वारा एकदा अडला. १९६० सालचा मे महिना उजाडला आणि महाराष्ट्र राज्य झालं. गिरणीत काम करणाऱ्या जाईबाईंचा भाऊ गुणाजी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या गोळीबारात गेला होता. राज्य झालं की त्याच्या तसबिरीपुढे विजेचा दिवा लावीन, असं त्यांनी बोलून ठेवलं होतं. त्या दिवशी दारोदार दिव्यांच्या माळा चढल्या. जाईबाई म्हणाल्या, "उजेड देणाराच उघडाबोडका? बरं दिसतं काय?" मग बायकांनी ठेवणीतली जरीकाठी लुगडी माझ्या कुंपणाला चहूबाजूंनी गच्च गुंडाळली. मी तर फुशारून गेलो.

दिवेलागणीला सगळ्या माळा पेटल्या. माझं तेल तापलं, गुणगुण घोगरी झाली, दिवे मंदावले. चाळीतलाच वायरमन लवू धावत आला.

"जाईमावशे, लुगडी काढ! ह्येका वारो व्हयो. माळाय कमी कर. ह्यो जळलो तर आख्खी चाळ काळोखात!"

"आज काळोख? माझ्या गुणाजीपुढं?"

जाईबाईंनी आपलं लग्नातलं लुगडं स्वतःच ओढून काढलं. मग वर जाऊन दारावरची माळ विझवली, फक्त तसबिरीपुढचा दिवा ठेवला आणि गॅलरीतून ओरडल्या, "घरटी एकच दिवा ठेवा रे! आपलं राज्य काय एका रातीचं हाय?"

भराभर बाकीची लुगडी सुटली, माळा विझल्या. मला पुन्हा वारा लागला. घरटी एकच दिवा उरला, पण तो पहाटेपर्यंत तेवला. एवढा अभिमान मला लुगड्यांतही वाटला नव्हता.

पुढे दर दसऱ्याला जाईबाई कुंपणाला टेकवलेली खोकी आधी हटवायच्या आणि मग लांबूनच हात जोडायच्या. मित्रांनो, तुम्हीही लांबच राहा, पण आमचा वारा अडवू नका. गुणाजीपुढचा दिवा आजही लागतो, आणि त्याला वीज मीच पुरवतो.